जोसेफ विल्यम भोर

हा लेख 'भोर समिती'चे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्याविषयी आहे. पुणे जिल्ह्यातील गाव व तालुका यांच्या माहितीसाठी 'भोर' हा लेख पाहावा.

सर जोसेफ विल्यम भोर (जन्म : ६ एप्रिल १८७८, नाशिक; मृत्यू : १५ ऑगस्ट १९६०) हे ब्रिटिशकालीन भारतातील सनदी अधिकारी, कोचीन संस्थानाचे दिवाण आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. १९४३ ते १९४६ या काळात काम करणाऱ्या आरोग्य पाहणी व विकास समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती त्यांच्या आडनावावरून भोर समिती म्हणून ओळखली जाते. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून व औषधांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व या समितीने भारताच्या आरोग्यव्यवस्थेसाठी मांडले. गावपातळीवरील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आज ज्या रूपात परिचित आहे, तिचा आरंभही याच समितीच्या अहवालात आहे.

नावाविषयी

वैद्यकीय, परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'भोर समिती' हा शब्द नेहमी येतो. मराठी विद्यार्थ्याला भोर म्हटले की प्रथम पुणे जिल्ह्यातील नीरा नदीकाठचे गाव आठवते, आणि समितीची बैठक तेथे भरली असावी किंवा तिने त्या भागाची पाहणी केली असावी असा समज होतो. तो बरोबर नाही. समितीचे नाव अध्यक्षांच्या आडनावावरून पडले आहे. त्या काळी भोर हे पंतसचिव घराण्याचे संस्थान होते, आणि समितीने गोळा केलेली आकडेवारी व आखलेली योजना मुख्यतः ब्रिटिश प्रांतांपुरती होती. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणजे अहवाल प्रसिद्ध झाल्यावर सुमारे दोन वर्षांनी. आजचे भोर व वेल्हे हे तालुके त्या अहवालाच्या कक्षेत आले ते अशा आडवाटेने. या तालुक्यांत अहवालाचे पुढे काय झाले, याचा विचार खाली स्वतंत्रपणे केला आहे.

जन्म व शिक्षण

भोर यांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रावसाहेब आर. जी. भोर. जोसेफ यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि महाविद्यालयीन शिक्षण डेक्कन कॉलेजात झाले. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि १९०२ मध्ये आय.सी.एस.मध्ये दाखल झाले. त्या सेवेत भारतीयांची संख्या तेव्हा अगदी थोडी होती. त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. १९११ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट विल्की स्टॉट यांच्याशी झाला. त्या स्वतः वैद्यकीय पदवीधर होत्या.

प्रशासकीय कारकीर्द

१९१४ ते १९१९ या काळात भोर कोचीन संस्थानाचे दिवाण होते. ए. आर. बॅनर्जी यांच्यानंतर ते या पदावर आले आणि त्यांच्या मागून टी. विजयराघवाचार्य आले. पहिल्या महायुद्धाचा जवळजवळ सर्व काळ त्यांनी कोचीनमध्ये काढला. त्यानंतर ते लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांच्या कार्यालयात सचिव झाले आणि १९२२-२३ मध्ये त्यांनी हंगामी उच्चायुक्त म्हणूनही काम पाहिले. भारतात परतल्यावर शिक्षण, आरोग्य व जमीन या केंद्रीय खात्याचे सचिवपद त्यांच्याकडे आले. आरोग्य या विषयाशी त्यांचा सरकारी संबंध येथून सुरू होतो. तो तज्ज्ञाचा नव्हता, कागदपत्रे हाताळणाऱ्या प्रशासकाचा होता. १९२८ ते १९३० या काळात ते सायमन आयोगाच्या कामावर होते.

१९३० मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. प्रथम त्यांच्याकडे उद्योग व कामगार खाते होते. भारतातील कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला तेव्हा ते या खात्याचे सदस्य होते. आजारी पडलेल्या कामगाराच्या विम्याचा प्रश्न त्या अहवालात चर्चिला गेला होता, पण सरकारी पातळीवर पुढे बरीच वर्षे त्यावर ठोस काही घडले नाही. १९३२ मध्ये सर जॉर्ज रेनी यांच्या जागी भोर वाणिज्य व रेल्वे खात्याचे सदस्य झाले. ओटावा व्यापार कराराची बाजू त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडली. १९३३-३४ मधील भारत-जपान व्यापार वाटाघाटींत ते भारतीय बाजूचे प्रमुख होते. जपानी कापडाच्या आयातीवर मर्यादा आणि तिच्या बदल्यात भारतीय कापसाची खरेदी, असे त्या वाटाघाटींचे सूत्र होते. मुंबईच्या गिरण्यांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा विषय होता. १९३५ मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मुहम्मद जफरुल्ला खान आले. के.सी.आय.ई. आणि के.सी.एस.आय. हे किताब त्यांना मिळाले होते.

समकालीनांच्या दृष्टीने ही कारकीर्दच त्यांची ओळख होती. आज ती विस्मरणात गेली आहे. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी मिळालेल्या एका कामामुळे त्यांचे नाव टिकले.

आरोग्य पाहणी व विकास समिती

ऑक्टोबर १९४३ मध्ये केंद्र सरकारने ही समिती नेमली. युद्ध चालू होते, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्यामुळे क्विनीनचा पुरवठा तुटला होता, आणि हिवतापाने ग्रासलेल्या देशाजवळ हिवतापाचे औषधच पुरेसे नव्हते. इंग्लंडमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक सुरक्षिततेच्या चर्चेला चालना दिली होती. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या योजना भारतातही आखल्या जात होत्या, आणि आरोग्याची योजना हा त्यांचा एक भाग होता.

समितीत वैद्यकीय व सार्वजनिक क्षेत्रांतील सदस्य होते. त्यांत मद्रासचे डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉ. जॉन ग्रँट आणि कामगार चळवळीचे नेते नारायण मल्हार जोशी यांचा समावेश होता. सचिवपद डॉ. के. सी. के. ई. राजा यांच्याकडे होते. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय मदत, व्यावसायिक शिक्षण, वैद्यकीय संशोधन आणि औद्योगिक आरोग्य अशा पाच उपसमित्यांमध्ये काम विभागले होते. ब्रिटन, अमेरिका व इतर देशांतून हेन्री सिगरिस्ट, जॉन राईल, जॅनेट वॉन, जोसेफ माउंटिन यांच्यासारख्या तज्ज्ञांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. स्वतः भोर वैद्यकातील नव्हते. परस्परविरोधी मतांच्या डॉक्टरांना एका अहवालापाशी आणणे हे त्यांचे काम होते, आणि काही भिन्नमतपत्रिका वगळता ते त्यांनी पार पाडले.

अहवाल चार खंडांत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात परिस्थितीची पाहणी, दुसऱ्यात शिफारशी, तिसऱ्यात परिशिष्टे आणि चौथ्यात सारांश आहे.

पाहणीतून दिसलेले चित्र

पहिला खंड आजही वाचनीय आहे, कारण त्यात आकडे कोरडे राहत नाहीत. १९३७ च्या आकड्यांनुसार ब्रिटिश भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. दर हजार लोकसंख्येमागे रुग्णालयातील खाटांचे प्रमाण ०.२४ होते, इंग्लंडमध्ये ते ७ हून अधिक होते. दरवर्षी किमान १० कोटी लोकांना हिवताप होत असावा, असा समितीचा अंदाज होता. क्षयाने वर्षाला सुमारे ५ लाख माणसे मरत होती, आणि क्षयरुग्णांसाठी साऱ्या देशात सुमारे ६,००० खाटा होत्या.

दवाखान्यांची स्थितीही समितीने पाहिली. एका दवाखान्यात डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सरासरी ४८ सेकंद देत असल्याचे तिने नोंदवले. एवढ्या वेळात नाडी पाहणेही कठीण. रुग्णाने लक्षण सांगायचे, डॉक्टराने चिठ्ठीवर मिश्रणाचा क्रमांक टाकायचा, आणि कंपाउंडरने मोठ्या बाटलीतून रुग्णाने आणलेल्या बाटलीत औषध ओतायचे, हीच त्या काळच्या सरकारी दवाखान्यांची सर्वपरिचित रीत होती. औषध फुकट होते, पण ते रोगावरचे असेलच असे नव्हते.

औषधे आणि औषधनिर्माते

समितीच्या आधी औषधांच्या प्रश्नाचा विचार झाला नव्हता असे नाही. बाजारातील निकृष्ट व भेसळयुक्त औषधांविषयी तक्रारी वाढल्याने १९३० मध्ये सर रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर जवळजवळ दशकभराने, १९४० मध्ये, औषध कायदा झाला आणि १९४५ मध्ये त्याचे नियम आले. या कायद्याने औषध कसे असावे हे ठरवले. ते रुग्णाच्या हातात कोण देणार, आणि त्याचे पैसे कोण भरणार, हे दोन प्रश्न मात्र शिल्लक होते. भोर समितीचे वेगळेपण असे की तिने या दोन्ही प्रश्नांना आरोग्यसेवेच्या आराखड्यात जागा दिली.

पहिल्या प्रश्नाविषयी अहवालातील एक आकडा नेहमी उद्धृत होतो. त्या वेळी ब्रिटिश भारतात डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. आणि शिक्षित औषधनिर्माते अवघे ७५, म्हणजे ४० लाख लोकांमागे एक. येथे औषधनिर्माता या शब्दाचा अर्थ शास्त्रीय शिक्षण घेतलेली व्यक्ती असा आहे. कंपाउंडर त्याहून कितीतरी अधिक होते, पण त्यांचे शिक्षण बहुधा एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली झालेले असे. औषधनिर्माणशास्त्राचे पदवी शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये सुरू झाले होते, पण त्याचा प्रसार व्हायचा होता.

समितीने या व्यवसायाच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करणारी मध्यवर्ती यंत्रणा असावी अशी शिफारस केली. या दिशेने १९४८ मध्ये औषधव्यवसाय कायदा झाला आणि भारतीय भेषजी परिषद स्थापन झाली. आज मेडिकल दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसते, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांची समितीने दिलेली यादीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येसाठी एक केंद्र असावे आणि त्यात २ डॉक्टर, १ परिचारिका, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ सुईणी, ४ प्रशिक्षित दाया, २ स्वच्छता निरीक्षक, २ आरोग्य साहाय्यक, १ औषधनिर्माता आणि १५ इतर कर्मचारी असावेत, असे तिने सुचवले. साऱ्या देशात ७५ औषधनिर्माते असताना प्रत्येक केंद्राला एक, ही मागणी तेव्हा स्वप्नवत वाटली असणार. परंतु समितीचा हिशोब स्पष्ट होता. तपासणी फुकट आणि औषध विकत अशी व्यवस्था गरिबाच्या उपयोगाची नाही, आणि औषध द्यायचे तर ते जाणणारा माणूस तेथे हवा.

विनामूल्य सेवा की विमा

अहवालातील सर्वांत दूरगामी निर्णय पैशांविषयीचा आहे. समितीपुढे दोन मार्ग होते. एक, लोकांकडून नियमित वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवणे. दुसरा, सर्वसाधारण व स्थानिक करांतून खर्च भागवून सेवा सर्वांना विनामूल्य देणे. समितीने दुसरा मार्ग निवडला. विम्यासाठी लागणारी लहानशी वर्गणीही देशातील मोठ्या वर्गाला परवडणार नाही, कारण त्यांचे उत्पन्न पोटापुरतेही नाही, असे तिचे कारण होते. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी ते करांच्या रूपाने द्यावे, दवाखान्याच्या दारात नव्हे. मात्र सेवा कायम विनामूल्य ठेवायची की पुढे विम्याकडे वळायचे, हा निर्णय तिने भविष्यातील सरकारांवर सोडला. ही पळवाट होती की दूरदृष्टी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत संदर्भात एवढेच म्हणता येते की पुढील सरकारांनी दोन्ही वाटा अर्ध्या अर्ध्या चोखाळल्या.

याच सुमारास विम्याची वाटही आखली जात होती. प्रा. बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्यासाठी १९४३ मध्ये नेमण्यात आले होते, आणि त्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये आपला अहवाल दिला. त्या वेळी कामगार खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अडारकर यांच्या योजनेचे रूपांतर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात झाले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे तिचा आरंभ झाला, आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली. या योजनेत कामगार व मालक दोघे वेतनाच्या प्रमाणात वर्गणी भरतात, आणि विमाधारकाला व त्याच्या कुटुंबाला तपासणीबरोबर औषधेही मिळतात. जुलै २०१९ पासून हे प्रमाण कामगारासाठी ०.७५ टक्के आणि मालकासाठी ३.२५ टक्के आहे. नियमित वेतन असलेल्यांसाठी विमा आणि इतरांसाठी करांवर चालणारी सेवा, अशी ही विभागणी होती.

इंग्लंडमध्येही औषधांचा प्रश्न सहज सुटला नाही, हे येथे नमूद करावे. ५ जुलै १९४८ रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध विनामूल्य होते. खर्च वाढत गेला. १९५१ मध्ये कवळ्या व चष्म्यांवर शुल्क लावण्याच्या निर्णयावरून अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले, आणि १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग आकार सुरू झाला.

शिफारशींची अंमलबजावणी

स्वातंत्र्यानंतर अहवाल स्वीकारला गेला, पण हात आखडता घेऊन. २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. ४०,००० लोकांमागे एक याऐवजी विकास गटामागे एक असे प्रमाण धरले गेले, आणि एका गटाची लोकसंख्या ६० हजारांपासून एक लाखापर्यंत असे. कर्मचारीही समितीने सांगितल्यापेक्षा कमी होते. दीर्घकालीन आराखड्यात समितीने १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्याच्यावर ६५० खाटांचे आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचे रुग्णालय सुचवले होते. तो आराखडा कागदावरच राहिला.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक केंद्रे त्यांच्याकडे गेली, तर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य खात्याकडे राहिली. औषधखरेदीची व्यवस्थाही अनेकदा बदलली. २०१७ मध्ये ती हाफकिन संस्थेच्या खरेदी कक्षाकडे देण्यात आली, आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. केंद्रातील कपाटात औषध आहे की नाही हे पुष्कळदा डॉक्टरवर अवलंबून नसते. ते या खरेदीच्या साखळीवर अवलंबून असते. समितीने केंद्राला औषधनिर्माता दिला, पण कपाट वेळेवर भरण्याची यंत्रणा उभी करणे पुढच्या पिढ्यांना अवघड गेले.

भोर व वेल्हे तालुक्यांतील स्थिती

समितीच्या मापाने आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांकडे पाहिले तर अहवाल व वास्तव यांतील अंतर नीट कळते. हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि कानद खोरे या नावांनी इतिहासात प्रसिद्ध असलेला हा मुलूख सह्याद्रीच्या घाटमाथ्याला लागून आहे. वेल्हे तालुक्यात राजगड व तोरणा हे किल्ले आहेत, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. संस्थानी काळातही राजगड आणि प्रचंडगड (म्हणजेच तोरणा) ही भोर संस्थानातील तालुक्यांची नावे होती.

२०११ च्या जनगणनेनुसार वेल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार व भोरची सुमारे १ लाख ८६ हजार होती. ४०,००० लोकांमागे एक या मापाने वेल्ह्याच्या वाट्याला एकाहून थोडे अधिक केंद्र येते. आजचा नियम मैदानी भागात ३०,००० व डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र असा आहे, त्यानुसार दोन ते तीन. म्हणजे केंद्रांच्या संख्येच्या बाबतीत आजचा नियम समितीच्या पहिल्या टप्प्याच्या पुढे गेला आहे. खाटांचा हिशोब केला तर चित्र उलटे होते. समितीच्या दीर्घकालीन मापाने एकट्या वेल्ह्यात २०० ते ४०० खाटा असायला हव्या होत्या. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते आणि प्राथमिक केंद्र ६ खाटांचे.

शिवाय लोकसंख्येच्या मापात डोंगर येत नाहीत. भाटघर धरणाच्या फुगवट्यामागील किंवा घाटमाथ्यावरील वाडीतून केंद्रापर्यंतचे अंतर पावसाळ्यात किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश झालेल्या माणसाला केंद्रात पोहोचायचे असते, आणि तेथे प्रतिविष लस असणे हा त्याच्यासाठी जन्ममरणाचा प्रश्न असतो. डोंगरी भागांत पावसाळ्यापूर्वीच औषधसाठा भरून ठेवावा लागतो तो याच कारणाने.

या भागातील रहिवाशाला औषध मिळण्याचे आज मुख्यतः तीन मार्ग आहेत, आणि ते तिन्ही वेगळ्या तत्त्वांवर उभे आहेत. पहिला सरकारी केंद्राचा व रुग्णालयाचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी व उपचार विनामूल्य करण्यात आले. हा भोर समितीच्या विचाराशी सर्वांत जवळचा मार्ग. दुसरा कर्मचारी राज्य विम्याचा. पुणे-बंगळूर महामार्गावरील खेड शिवापूर, शिरवळ या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा कारखाना योजनेत आहे, त्यांना तो उपलब्ध असतो. तिसरा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली. तिच्यात ठरावीक आजारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च भागतो, आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरलेली असतात.

या तिसऱ्या मार्गाविषयी गैरसमज फार आहे. कार्ड आहे म्हणजे सर्व औषधे मिळतील असे अनेकांना वाटते. परंतु मधुमेह, रक्तदाब किंवा फेफरे यांसाठी महिन्यामागून महिने लागणाऱ्या गोळ्या रुग्णालयात दाखल न होता घ्यायच्या असतात, आणि त्या या योजनेत बसत नाहीत. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेसाठी योजनेचे कार्ड वापरावे, आणि दरमहाच्या गोळ्यांसाठी प्राथमिक केंद्रात किंवा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवावे, हाच व्यवहार्य क्रम आहे. विमाधारक कामगाराने त्यांसाठी विम्याच्या दवाखान्यात जावे. केंद्रात गोळी नसेल तर जनऔषधी दुकानातील मूळ नावाची गोळी स्वस्त पडते, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागता येते.

टीका व मूल्यमापन

अहवालावर टीकाही झाली. आयुर्वेद, युनानी यांसारख्या देशी पद्धतींविषयी समितीने ठाम भूमिका घेतली नाही आणि त्यांना आपल्या योजनेत स्थान दिले नाही. त्या काळी ग्रामीण भागात प्रत्यक्ष औषध देणारे बहुतेक वैद्यच होते, हे लक्षात घेता ही उणीव मोठी मानावी लागेल. या प्रश्नासाठी पुढे चोप्रा यांच्याच अध्यक्षतेखाली वेगळी समिती नेमावी लागली. दुसरा वाद वैद्यकीय शिक्षणाचा होता. कमी मुदतीचा परवानाधारक डॉक्टरांचा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, असे बहुमत होते. तसे केल्यास खेड्याला डॉक्टर मिळणार नाही, असे काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिकेत बजावले. दुर्गम तालुक्यांतील रिक्त पदे पाहता त्यांची शंका निराधार नव्हती. खर्चाच्या दृष्टीने योजना अवाजवी होती, असा आक्षेप तर पहिल्या दिवसापासून होता.

दुसऱ्या बाजूला, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना (१९५६), वैद्यकीय अभ्यासक्रमात सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकाचा समावेश, आणि उपचार व प्रतिबंध यांना एकाच केंद्रात आणणे या गोष्टी अहवालाच्या पदरी जमा आहेत. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेची जी कल्पना जगाने स्वीकारली, तिच्यातील बरेच काही या अहवालात तीस वर्षे आधी आलेले होते.

उत्तरायुष्य

समितीच्या कामानंतर भोर यांनी सार्वजनिक जीवनात मोठी जबाबदारी घेतली नाही. अहवालाच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्यासाठी १९५९ मध्ये दुसरी समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्षपद भोर समितीतील सदस्य डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्याकडे आले. तिचा अहवाल पूर्ण होण्यापूर्वीच १५ ऑगस्ट १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, भोर यांचे निधन झाले.